डेस्कटॉपची रॅम वाढवावी का? चारचे आठ जीबी करण्यापूर्वी सल्ला हवा आहे

मुद्राक्षर
नमस्कार मंडळी. कराडला माझे लग्नपत्रिका, फ्लेक्स आणि किरकोळ टंकलेखन यांचे लहानसे दुकान आहे. तिथला डेस्कटॉप २०१२ साली सुटे भाग घेऊन जुळवून घेतला होता. त्यात इंटेलचा आय३-२१२० प्रोसेसर, एच६१ चिपसेटचा मदरबोर्ड, ४ जीबीची एकच डीडीआर३ रॅम आणि ५०० जीबीची हार्ड डिस्क आहे. मूळची विंडोज ७ काढून काही वर्षांपूर्वी विंडोज १० टाकून घेतली.

अलीकडे हा संगणक फार अडखळू लागला आहे. सकाळी बटण दाबून मी दुकान झाडतो, पाणी भरतो, उदबत्ती लावतो, तरी पडद्यावरचे चक्र फिरतच असते. फोटोशॉपमध्ये मोठा फ्लेक्स उघडा असताना गिऱ्हाइकाने पाठवलेले छायाचित्र घ्यायला ब्राउझर उघडला की दोन्ही गोठतात, आणि समोर उभ्या माणसाकडे पाहून हसण्यापलीकडे माझ्या हाती काही उरत नाही. दुरुस्तीवाला म्हणतो की आणखी ४ जीबी टाका, प्रश्न मिटेल. शेजारचा दुकानदार म्हणतो की या मशीनवर आता एक रुपयाही घालू नका. लग्नसराई तोंडावर असल्याने नवा संगणक घेणे यंदा शक्य नाही. रॅम वाढवून खरोखर फरक पडेल का, आणि घ्यायची झाल्यास नेमकी कोणती घ्यावी?

दुपारपाळी
रॅम राहू द्या, आधी एसएसडी, म्हणजे हार्ड डिस्कच्या जागी बसणारी चिपांची डिस्क, घ्या. आपण वर्णन केलेला सकाळचा विलंब हार्ड डिस्कचा आहे. फिरत्या तबकडीवर वाचणारा काटा योग्य जागी पोहोचायला दर वेळी साधारण १० मिलिसेकंद लागतात, आणि विंडोज सुरू होताना हजारो बारीकसारीक फायली ठिकठिकाणांहून उचलत असते. एसएसडीत हलणारा भागच नाही, त्यामुळे तेच काम मिलिसेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात होते. एच६१ वर साटाचा, म्हणजे डिस्क जोडायच्या मार्गाचा, वेग सेकंदाला ३ गिगाबिटच मिळतो, म्हणजे एसएसडी पूर्ण ताकदीने धावणार नाही, हे खरे. पण आपल्याला जाणवणारा फरक त्या वेगाचा नसून न थांबण्याचा आहे. मी घरच्या तशाच जुन्या संगणकाला एसएसडी बसवली आणि रॅमला हातही लावला नाही.

लोखंडी_पेटी
दोन्ही वैद्यांनी नाडी न पाहताच औषध लिहून दिले आहे. मुद्राक्षर, नेहमीचा मोठा फ्लेक्स आणि ब्राउझर दोन्ही उघडे ठेवा, मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडा. परफॉर्मन्सच्या पानावर मेमरी निवडली की एकूण रॅम किती, वापरात किती, दोनांपैकी किती स्लॉट, म्हणजे रॅम बसवायच्या खोबण्या, भरलेले आणि वेग किती, हे सगळे दिसते. त्याखालीच डिस्कचाही आलेख असतो. तो किती टक्क्यांवर आहे तेही पाहा. हे आकडे इथे लिहा आणि तोपर्यंत खिशात हात घालू नका.

खाचखुणा
मूळ प्रश्नातल्या 'कोणती घ्यावी' या भागाचे उत्तर देतो. आपल्या बोर्डाला डेस्कटॉपची डीडीआर३ रॅमच लागेल. डीडीआर२ आणि डीडीआर३ दोन्हींना २४० पिना असल्या आणि डीडीआर४ व डीडीआर५ या दोन्हींना २८८ असल्या, तरी प्रत्येक पिढीची खाच निराळ्या जागी असते. ती जोर लावून बसवणाऱ्यांसाठीच ठेवलेली आहे, असे माझे नम्र मत आहे. डीडीआर३ साधारणपणे १.५ व्होल्टवर चालते. एल अक्षर जोडलेली १.३५ व्होल्टची पट्टी मिळाली तर तीही १.५ व्होल्ट सोसते.

वेगाबद्दल फार घाबरू नका. आय३-२१२० हा १३३३ पर्यंतच चालतो, त्यामुळे १६०० ची रॅम लावली तरी ती १३३३ नेच धावेल. बिघडणार काही नाही. दुकानदार याला मेगाहर्ट्झ म्हणतात, पण घड्याळाच्या प्रत्येक ठोक्याला दोनदा माहिती जाते म्हणून तो आकडा दुप्पट दिसतो. लेबलावर कधी कधी वेगाऐवजी पीसी३-१०६०० असे लिहिलेले असते, ते १३३३ च समजावे.

एच६१ वर दोन स्लॉट आणि दोन्ही मिळून कमाल १६ जीबी, असा हिशेब आहे. आपल्याकडे एक ४ जीबीची आहेच, तर तशीच दुसरी घेणे चांगले. दोन सारख्या पट्ट्या असल्या की प्रोसेसर दोन्हींशी समांतर बोलतो, आणि आपल्या प्रोसेसरमधले ग्राफिक्स स्वतःची मेमरी नसल्याने रॅममधूनच उसनवारी करत असल्यामुळे त्यालाही या दुसऱ्या वाटेचा लाभ होतो.

शेवटचा_बिट
खाचखुणा यांच्या यादीत माझ्या मूर्खपणाची भर घालतो. तीन वर्षांपूर्वी मी ऑनलाइन ८ जीबीची बिनानावाची डीडीआर३ पट्टी फार स्वस्त दिसली म्हणून मागवली. खाच जुळली, दोन्ही बाजूंच्या कड्या टक्कन बसल्या, पंखा फिरला आणि पडदा काळाच राहिला. जुनी रॅम लावली की संगणक सुरू, नवी लावली की मुका. तीन संध्याकाळी मी स्लॉट बदलणे, बायोसची बॅटरी काढून ठेवणे, मित्राचा एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठ्याचा डबा, लावून पाहणे यांत घालवल्या. चौथ्या दिवशी बायकोने चष्मा लावून लेबल वाचले: ही रॅम फक्त एएमडीच्या बोर्डांसाठी आहे, असे कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरांत छापलेले होते. त्या पट्ट्यांवरील चिपांची अंतर्गत मांडणी अशी असते की इंटेलच्या त्या काळातल्या, रॅम हाताळणाऱ्या कंट्रोलरला ती वाचताच येत नाही.

सर्व्हरमधून निघालेल्या जुन्या रॅमबाबतही असेच. ती डोंगराएवढी निघते आणि स्वस्तात विकली जाते, पण रजिस्टर्ड प्रकारची असेल तर साध्या डेस्कटॉपवर चालत नाही.

रंगछटा
मीही फ्लेक्सचेच काम करते, म्हणून आकडेमोड मांडते. १० बाय ६ फुटांचा फ्लेक्स १०० डीपीआयवर, म्हणजे इंचाला १०० ठिपके धरून, केला तर तो १२,००० बाय ७,२०० पिक्सेलचा होतो, म्हणजे ८ कोटी ६४ लाख पिक्सेल. छपाईच्या चार रंगांच्या सीएमवायके पद्धतीत प्रत्येक पिक्सेलला ४ बाइट लागतात, त्यामुळे एका थराला (लेयरला) सुमारे ३४६ एमबी. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर शुभेच्छुकांचे पंचवीस चेहरे, प्रत्येक चेहरा वेगळ्या थरावर! आता ४ जीबीचे काय होत असेल ते पाहा.

अर्धमात्रा
रंगछटा, हिशेब पार्श्वभूमीपुरता बरोबर आहे. चेहऱ्यांना लागू होत नाही. थरावर जेवढ्या भागात चित्र आहे साधारण तेवढ्याचीच मेमरी खर्ची पडते, त्यामुळे शुभेच्छुकाचा पासपोर्टएवढा चेहरा पूर्ण फ्लेक्सची जागा खात नाही. खरी खादाड असते ती हिस्टरी, म्हणजे मागे जाण्यासाठी जपून ठेवलेल्या पायऱ्या. पूर्ण पार्श्वभूमीवर चार वेळा रंग बदलला की चार पूर्ण प्रती साठतात.

आणि चौकातला फ्लेक्स कुणी भिंग लावून वाचत नाही. तोच आकार ७२ डीपीआयवर ठेवला तर एक थर ३४६ वरून १७९ एमबीवर येतो. एक पैसाही न देता जवळजवळ निम्मी मेमरी मोकळी होते.

रंगछटा
चेहऱ्यांबाबतची चूक मान्य आहे. डीपीआयबाबत मात्र आमच्या गिऱ्हाइकांना भेटा. ते फ्लेक्सखाली उभे राहून स्वतःच्या मिशीचे केस मोजतात.

मुद्राक्षर
सर्वांचे मनापासून आभार. लोखंडी_पेटी यांनी सांगितल्याप्रमाणे आकडे पाहिले. वापरात २.९ जीबी, दोनांपैकी एक स्लॉट भरलेला, वेग १३३३, डिस्क सतत ९९ ते १०० टक्के. एक गोष्ट समजली नाही. एकूण रॅम ४ जीबी असायला हवी, पण आलेखाच्या कोपऱ्यात ३.२ जीबी दिसते आणि खाली हार्डवेअरसाठी सुमारे ८०० एमबी राखीव असल्याचे लिहिले आहे. रॅम खराब झाली आहे का?

लोखंडी_पेटी
रॅम धडधाकट आहे. सेटिंग्जमध्ये सिस्टीमच्या अबाऊट पानावर जाऊन सिस्टीम टाइपपुढे काय लिहिले आहे ते सांगा. मला काय दिसेल याची शंका येते आहे.

मुद्राक्षर
३२ बिट ऑपरेटिंग सिस्टीम, ६४ बिट प्रोसेसर.

लोखंडी_पेटी
हेच ते. आता दुरुस्तीवाल्याने सांगितलेली रॅम आज बसवली असती तर काय झाले असते ते ऐका. काहीही झाले नसते.

मेमरीतल्या प्रत्येक बाइटला एक पत्ता लागतो. ३२ बिटांत ४,२९,४९,६७,२९६ पत्ते मावतात, म्हणजे बरोबर ४ जीबी. त्यांतलेही काही पत्ते ग्राफिक्स आणि इतर उपकरणांच्या नावावर लावलेले असतात, म्हणून आपल्याला ३.२ दिसतात. नवी ४ जीबीची पट्टी बसवणे म्हणजे गावात नवी आळी वसवण्यासारखे आहे, जिचे घरनंबर लिहायला पोस्टाच्या वहीत पानच नाही. आणि एवढ्यावर भागत नाही: ३२ बिट विंडोजमध्ये एकेका प्रोग्रामला साधारण २ जीबीचीच मर्यादा असते, त्यामुळे फोटोशॉप त्या भिंतीवर आधीच आपटत असणार. मेमरी संपत आली की विंडोज उरलेला पसारा डिस्कवर ठेवते. डिस्कचे १०० टक्के काही अंशी त्यातून आलेले आहेत. दुपारपाळी ज्याला डिस्कचा दोष म्हणतात आणि दुरुस्तीवाला ज्याला रॅमचा म्हणतो, ते बऱ्याच प्रमाणात एकाच दुखण्याचे दोन टोक आहेत.

ठिपके
एक तांत्रिक दुरुस्ती. ३२ बिटांत ४ जीबीपेक्षा अधिक रॅम वापरताच येत नाही, असे सरसकट म्हणणे बरोबर नाही. पत्ते ३२ बिटांपलीकडे वाढवणारी पीएई नावाची सोय प्रोसेसरमध्ये १९९५ च्या पेंटियम प्रोपासून आहे आणि तिच्या बळावर विंडोज सर्व्हर २००३ च्या ३२ बिट एंटरप्राइज आवृत्तीत ६४ जीबीपर्यंत रॅम चालत असे.

लोखंडी_पेटी
आपले म्हणणे अचूक आहे आणि कराडच्या दुकानात त्याचा उपयोग शून्य आहे. घरगुती आणि प्रोफेशनल आवृत्त्यांना मायक्रोसॉफ्टने ४ जीबीचे कुंपण मुद्दाम ठेवले, कारण अनेक ड्रायव्हर, म्हणजे उपकरणे चालवणारे प्रोग्राम, त्यापुढचे पत्ते पाहून कोसळत असत. मुद्राक्षर, सरळ ६४ बिट विंडोज १० टाका. परवाना तोच चालतो. मात्र ३२ वरून ६४ वर थेट उडी मारता येत नाही, डिस्क पुसून नव्याने टाकावी लागते, तेव्हा आधी सगळा माल दुसरीकडे उतरवून ठेवा.

मुद्राक्षर
इथेच घोडे अडले आहे. विंडोज १० टाकताना मी स्वतःच ३२ बिट मागून घेतली होती, हे आता आठवले. माझ्याकडे मराठी अक्षरजुळणीचे एक जुने सॉफ्टवेअर आहे, ते डोंगलवर, म्हणजे संगणकाला जोडायच्या किल्लीवजा उपकरणावर, चालते आणि त्या डोंगलचा ड्रायव्हर ६४ बिटवर बसत नाही. जुन्या पत्रिकांच्या सर्व फायली त्यातल्याच फाँटमध्ये आहेत, आणि ते फाँट युनिकोड नाहीत, म्हणजे दुसऱ्या फाँटमध्ये तो मजकूर वाचता येत नाही. थोरल्या मुलाच्या लग्नाची पत्रिका काढून नावे तेवढी बदलून धाकट्याची करून द्या, असे सांगणारी घराणी माझ्याकडे येतात. ते सॉफ्टवेअर सोडता येणार नाही.

ठिपके
मग ६४ बिट विंडोजच्या पोटात आभासी यंत्र, म्हणजे सॉफ्टवेअरने चालणारा संगणकातला दुसरा संगणक, उभे करा आणि त्यात ३२ बिट विंडोज ठेवून डोंगल तिकडे जोडा. आपल्या प्रोसेसरला ते झेपते. आणि या मार्गाने गेल्यास रॅम खरोखरच लागेल, कारण एका वेळी दोन विंडोज पोसायच्या आहेत. तेव्हा ८ नव्हे, १६ जीबीच घ्या.

दुपारपाळी
लग्नसराईच्या तोंडावर, दोन कोअरच्या प्रोसेसरवर, डोंगलसह आभासी यंत्र! त्यापेक्षा साधे करा. जुनी हार्ड डिस्क आहे तशी ठेवा, तिच्यावरील ३२ बिट विंडोजला हात लावू नका. नवी एसएसडी घेऊन तिच्यावर ६४ बिट टाका. टाकताना जुनी डिस्क काढून ठेवा म्हणजे काही पुसले जाण्याची भीती नको. फ्लेक्स असेल तेव्हा एसएसडीवरून आणि जुनी पत्रिका असेल तेव्हा जुन्या डिस्कवरून संगणक सुरू करा. सुरू होताना बूट मेनूची कळ दाबली की निवड करता येते.

लोखंडी_पेटी
दुपारपाळी यांचा एसएसडीचा आग्रह पहिल्यापासून थोडा एकारलेला होता, पण हा मार्ग ठिपके यांच्या मार्गापेक्षा मला अधिक पसंत आहे. काही जुनी डोंगले आभासी यंत्रात ओळखली जात नाहीत, आणि त्याचा शोध नेमका वऱ्हाड दारात उभे असताना लागतो. एक काळजी घ्या. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे आणि विंडोज ११ साठी आपला प्रोसेसर मायक्रोसॉफ्टच्या यादीत बसत नाही. तेव्हा ३२ बिटवाल्या डिस्कवर काम करताना इंटरनेटची तार काढूनच ठेवा.

फणसवाडी
भावाचे कुणी बोलतच नाही. २०२५ च्या शेवटापासून रॅम चांगलीच महागली आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांना लागणाऱ्या मेमरीकडे कारखाने वळले आहेत. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये क्रुशल या नावाने ग्राहकांना रॅम विकणे बंद करण्याचे जाहीर केले. नव्या पिढीच्या संगणकाला हात घालायची ही वेळ नव्हे, एवढे मुद्राक्षरांच्या शेजाऱ्याला कळवावे.

डीडीआर३ मात्र आता जुन्या बाजाराचीच वस्तू आहे. मुंबईत कुणी ओळखीचे असेल तर लॅमिंग्टन रोडला, म्हणजे भडकमकर मार्गाला, काढलेली नावाजलेल्या कंपनीची पट्टी घ्यायला सांगा. तिथेच चालवून दाखवा म्हणावे, आणि घरी आणल्यावर रॅम तपासणारा मेमटेस्ट हा प्रोग्राम रात्रभर लावून ठेवा. एकही लाल ओळ आली तर परत करा.

सागरगोटा
रत्नागिरीच्या खाऱ्या हवेत तीस वर्षे संगणक उघडत आलो, म्हणून बसवण्याविषयी लिहितो. संगणक बंद करून तार भिंतीतून काढा, मग बटण दोनदा दाबून उरलासुरला प्रवाह जाऊ द्या. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावा, म्हणजे अंगातली स्थिर वीज रॅमवर उतरणार नाही. जुनी पट्टीही काढा आणि तिचे सोनेरी दात पेन्सिलच्या पांढऱ्या खोडरबराने हलकेच पुसा. रबराचा चुरा मऊ ब्रशने झाडा, स्लॉटमध्ये पडू देऊ नका. पट्टी सरळ उभी धरून दोन्ही टोकांवर अंगठ्यांनी सारखा दाब द्या. दोन्हीकडून टक्क असा आवाज आला पाहिजे. एकाच बाजूने आला तर ती बसलेली नाही.

मुद्राक्षर
तीन आठवड्यांनी परत आलो आहे. भाच्याने मुंबईहून ४ जीबीची डीडीआर३ आणि एक २४० जीबीची एसएसडी आणली. लेबल मी स्वतः भिंगाखाली वाचले, शेवटचा_बिट यांची आठवण काढून.

सागरगोटा यांनी लिहिल्याप्रमाणे सारे केले, बटण दाबले आणि संगणकाने लांब भोंगा दिला, थांबला, पुन्हा दिला. पडदा काळा. छातीत धस्स झाले. दुसरा स्लॉट टॉर्च लावून पाहिला तर तेरा-चौदा वर्षे रिकामा राहिलेला तो खोबणीचा पन्हाळ तळापर्यंत पांढऱ्या भुकटीने भरलेला होता. दुकानात कागद कापायचे यंत्र संगणकाच्या अगदी शेजारी आहे. लोकांच्या पत्रिकांच्या कडा त्यात साठत गेल्या होत्या. कोरड्या ब्रशने आणि फुग्याच्या पंपाने पाऊण तास साफसफाई केली, पट्टी पुन्हा दाबली, दोन्हीकडून टक्क झाले आणि पडदा उजळला.

एसएसडी लावण्यापूर्वी मुद्दाम जुन्याच ३२ बिट विंडोजवर संगणक सुरू करून पाहिला. बसवलेली रॅम ८ जीबी, वापरण्याजोगी ३.२. फ्लेक्स तसाच गोठला. दुरुस्तीवाल्याला हा पडदा फोटो काढून पाठवला आहे, अद्याप उत्तर नाही. त्यानंतर दुपारपाळी यांच्या पद्धतीने एसएसडीवर ६४ बिट टाकली. आता उदबत्ती पेटवण्याच्या आत काम सुरू करता येते, आणि फ्लेक्स व ब्राउझर दोन्ही उघडे असताना वापरात ५.४ जीबी दिसते. म्हणजे १६ ची गरज आज तरी नाही. जुन्या पत्रिकांसाठी आठवड्यातून दोन-तीनदा जुन्या डिस्कवर जावे लागते, तेव्हा चहा होतो.

दुपारपाळी
मी पहिल्याच प्रतिसादात एसएसडी म्हणालो होतो, याची नोंद घ्यावी.

लोखंडी_पेटी
उदबत्तीचे श्रेय आपल्याला दिले. न गोठणाऱ्या फ्लेक्सचे मात्र ५.४ जीबीला द्या; तेवढी जागा ३.२ मध्ये कुठून आणली असती?

रंगछटा
मुद्राक्षर, चाचणीच्या फ्लेक्सवर चेहरे किती होते?

मुद्राक्षर
एकतीस. गिऱ्हाइकाने समोर बसून आणखी चार वाढवून घेतले, कारण या वेळी त्याला थांबावे लागले नाही.